पाळणा लांबवायचा आहे, पण मनही स्वस्थ हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाई २९ वर्षांच्या, कॅथलिक. त्यांचे मिस्टर सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीतले. दोन्ही घरं मूळची नगर जिल्ह्यातली, संसार वडगाव शेरीत. मुलगी १४ महिन्यांची, सिझरने झालेली, अजून रात्री अंगावर पिते. पाळी सुरू झाली आहे, पण २७ दिवसांनी, मग ३९, मग ३१ अशी. आता शेवटची पाळी येऊन ३६ दिवस झालेत. दुसरं मूल हवं आहे, पण दोन-अडीच वर्षांनी. जाऊबाई म्हणतात छाया गोळी घे, ती साधी असते. मैत्रीण म्हणते तांबी म्हणजे दर महिन्याला गर्भपात. मिस्टर म्हणतात निरोध पुरे. आई म्हणते देवावर सोपवा. फादरांना विचारायची लाज वाटते. सध्या ‘सांभाळून’ चाललं आहे. यात पाप कशात आहे, धोका कशात आहे, आणि दुसऱ्या सिझरच्या वेळी ऑपरेशन करून टाकावं का?

उत्तर:

आधी एक काम उरकून घ्या. पाळी येऊन ३६ दिवस झालेत, तेव्हा उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. मेडिकलमध्ये पट्टी मिळते. निगेटिव्ह आली आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. तोवर संबंध नकोत. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काहीही सुरू करायचं नसतं.

आता ‘सांभाळून’ याविषयी. माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती जोडप्यांत हीच पद्धत सर्वांत जास्त चालते. वर्षभरात अशा शंभर जोडप्यांपैकी साधारण वीसजणींना दिवस राहतात. तरीही ती चालते, कारण त्यात काहीच ठरवावं लागत नाही, आणि आपण काही ठरवलंच नाही तर पापही लागत नाही, असा समज त्यामागे असतो. हा समज मला मुळीच पटत नाही. सिझरला वर्षही झालेलं नसताना पुन्हा दिवस गेलेली बाई घाबरते, कुणालाही न विचारता मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणवते आणि अंगावरून जाणं थांबेना म्हणून रात्री दवाखान्यात येते. तिला तांबीची भीती वाटत असते, निरोध आणायची लाज वाटत असते, आणि शेवटी जे घडतं ते तिच्याच श्रद्धेला सर्वांत जास्त लागणारं असतं. मी स्वतः ख्रिस्ती आहे, प्रॉटेस्टंट घरातली आहे, आणि तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून ठरवणं हा श्रद्धेचाच भाग आहे असं मी मानते. कोणती पद्धत, हा प्रश्न त्यानंतरचा.

अंतर किती हवं? बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझर झालं असेल तर आणखी एक कारण असतं. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांपेक्षाही कमी अंतर असेल, तर पुढच्या वेळी कळांमध्ये गर्भपिशवीवरचा जुना वण फाटण्याचा धोका वाढतो. म्हणजे तुमच्यासाठी पुढचे किमान दहा महिने काटेकोरपणे सांभाळायचे आहेत. त्यानंतर थोडी ढिलाई झाली तरी वैद्यकीय संकट नाही.

आता चर्चचं. तुमच्या घरात दोन परंपरा आहेत आणि दोन्हींचं म्हणणं वेगळं आहे, हे आधी मान्य करा. १९३० सालापर्यंत जवळजवळ सगळीच चर्चेस संततिनियमनाच्या विरोधात होती. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांची प्राध्यापकी याच कामापायी गेली, आणि ते कॉलेज म्हणजे स्कॉटिश मिशनचं विल्सन कॉलेज होतं. पुढे पुण्यात शकुंतला परांजपे यांनी याच कामाला वाहून घेतलं, त्यांनाही लोकांचं ऐकून घ्यावं लागलं. १९३० च्या ऑगस्टमध्ये अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही मर्यादा घालून पहिल्यांदा वाट मोकळी केली. १९५८ च्या परिषदेने तर किती मुलं आणि केव्हा, हे ठरवण्याची जबाबदारी देवाने आईबापांच्या सद्सद्विवेकावर सोपवली आहे असं म्हटलं. १९७० साली सीएनआय झाली, ती अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट अशा अनेक मंडळ्या एकत्र येऊन. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपराही तीत आली. म्हणून तुमच्या मिस्टरांच्या पाळकसाहेबांना विचारलंत, तर ते बहुधा प्रार्थना करून दोघांनी ठरवा असंच सांगतील.

कॅथलिक चर्चने १९३० च्या डिसेंबरमध्ये उलट दिशेने उत्तर दिलं आणि २५ जुलै १९६८ रोजी पोप पॉल सहावे यांनी ‘हुमाने विते’ या पत्रात तेच कायम केलं. (हेच पोप १९६४ मध्ये मुंबईला आले होते, तुमच्या आजीच्या पिढीला ते आठवत असतील.) त्या पत्राबद्दल लोकांना ‘चर्च नाही म्हणतं’ एवढंच माहीत असतं. पण मुलं किती आणि केव्हा याचा जबाबदारीने विचार करा, हे त्याच पत्रात आहे. शरीर, पैसा, घरची परिस्थिती अशी गंभीर कारणं असतील तर अंतर ठेवायला, किंवा आणखी मूल न होऊ द्यायलाही हरकत नाही, हेही आहे. सिझरचा ताजा वण हे असं कारण आहे, याविषयी शंका बाळगू नका. चर्चचा आक्षेप साधनांवर आहे. निरोध, गोळी, तांबी, ऑपरेशन यांना नकार. स्त्रीच्या शरीरात जे दिवस मुळातच गर्भ न राहण्याचे असतात, त्या दिवसांचा उपयोग करायला परवानगी. आणखी एक गोष्ट अनेक कॅथलिक बायकांना ठाऊक नसते. आजारावरचा उपचार म्हणून औषध घ्यावं लागलं आणि त्याने तात्पुरतं गर्भ राहणं थांबलं, तर त्याला चर्चचा विरोध नाही. पाळीत अति रक्तस्राव होतो म्हणून दिलेली हार्मोनची गोळी कुणी अपराधी मनाने चुकवू नये.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्या मैत्रिणीने ते एकत्र केले आहेत. एक, साधन कृत्रिम आहे का? दुसरा, गर्भ धरल्यानंतर ते त्याला इजा करतं का? पहिल्यावर दोन चर्चेसचं मत वेगळं आहे. दुसऱ्यावर तुम्हा दोघांचंही मन एकाच बाजूला असेल असं मला वाटतं. तेव्हा कोणतं साधन शरीरात नेमकं काय करतं ते सांगते. इथे ऐकीव माहितीने फार घोळ घातला आहे.

निरोध शुक्राणूंना आत जाऊच देत नाही, तिथे हा दुसरा प्रश्न उद्भवतच नाही. मात्र नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या तेराजणींना दिवस राहतात, कारण लोक ‘आज चालेल’ म्हणून तो वगळतात. दर वेळी, पहिल्यापासून वापरला तर हा आकडा दोनवर येतो. मिस्टर म्हणतात ‘निरोध पुरे’, तर हे ‘दर वेळी’ त्यांनी स्वतःच्या तोंडून कबूल करायला हवं.

तांबीतलं तांबं मुख्यतः शुक्राणूंनाच निकामी करतं. ते बीजापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा गर्भ धरतच नाही. दर महिन्याला गर्भपात होतो हे साफ चूक आहे. पण एखाद्या वेळी बीज फळलं, तर पिशवीच्या अस्तरावरच्या परिणामामुळे ते रुजणार नाही, ही शक्यता शून्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. वैद्यकीयदृष्ट्या साधन उत्तम आहे. वर्षभरात शंभरातल्या जेमतेम एकीला दिवस राहतात, ३८० ए जातीची दहा वर्षं चालते, आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. ती छोटी शक्यताही मनाला टोचणार असेल तर बसवू नका. रोज रात्री अपराधी वाटत झोपणं यालाही किंमत मोजावी लागते.

छाया गोळीबद्दल जाऊबाईंनी सांगितलं ते प्रेमाने सांगितलं असेल. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ही गोळी आहे. हिच्यात स्टेरॉइड हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. म्हणून ती ‘साधी’ वाटते. पण ही गोळी सहसा बीज सुटणं थांबवत नाही. बीज नळीतून पिशवीत पोचण्याची वेळ आणि अस्तर तयार होण्याची वेळ यांचा मेळ ती बिघडवते, आणि फळलेलं बीज रुजत नाही. गर्भधारणेच्या क्षणापासून जीव मानणाऱ्या जोडप्याने नको म्हणावी अशी गोळी कोणती असेल, तर ती हीच. आपल्या लोकांत तांबीचं नाव बदनाम आहे आणि छायाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. गोळी देणाऱ्याने हे सांगायला हवं.

बाकीचं भरभर सांगते. फक्त प्रोजेस्टेरॉन वर्गातलं हार्मोन असलेली डेसोजेस्ट्रेलची गोळी अंगावर पाजतानाही चालते आणि बहुतांश पाळ्यांत बीज सुटूच देत नाही. रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते आणि मधूनमधून डाग दिसतात. दोन हार्मोनची नेहमीची गोळीही १४ महिन्यांनंतर चालेल, पण रक्तदाब किंवा झगमग दिसून होणारी अर्धशिशी असेल तर नाही. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन तुमच्यासाठी मी निवडणार नाही, कारण ते बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने सहज लागतात आणि तुम्हाला दुसरं मूल ठरल्या वेळी हवं आहे. तातडीची ७२ तासांतली गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, रुजलेल्या गर्भाला इजा करत नाही. पण ती अपघातासाठी आहे, दर महिन्यासाठी नाही.

आता नैसर्गिक पद्धत. तिच्यावर जास्त लिहिते, कारण तुमचं मन तिकडे आहे आणि नीट शिकवणारे डॉक्टर कमी भेटतात. आमच्यातले अनेकजण ‘त्याने काही होत नाही’ म्हणून तो विषयच मिटवतात. ते चूक आहे. आणि तिकडे काहीजण ‘निसर्गानेच सोय केली आहे’ म्हणून भलतीच खात्री देतात, तेही चूक.

पहिली गोष्ट, तारखा मोजायच्या नाहीत. ८ ते १९ हे दिवस टाळायचे हा नियम ज्यांची पाळी कायम २६ ते ३२ दिवसांत येते त्यांच्यासाठी आहे. तुमची ३९ दिवसांवर गेली होती, तेव्हा तो नियम तुम्हाला लागू नाही. अंगावर पाजल्याने दिवस राहत नाहीत, हा आधारही सहा महिन्यांच्या आत, पाळी आलेली नसताना आणि बाळ फक्त अंगावरच पीत असताना. तो तुमच्यासाठी कधीच संपला.

खुणा वाचायच्या त्या दोन. एक, अंगावरून जाणारा स्राव. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग चिकट पांढरट ओल येते, मग एक-दोन दिवस तो कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो, दोन बोटांत धरून ताणला तर तुटत नाही. असा शेवटचा दिवस तो कळसाचा दिवस. बीज त्याच्या आसपास सुटतं. बीज जगतं जेमतेम १२ ते २४ तास, पण शुक्राणू आत पाच दिवस टिकतात, म्हणून ओल दिसल्या क्षणापासून थांबायचं. हे बिलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टर दांपत्याने मांडलं. दुसरी खूण तापमानाची. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी, दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या थर्मामीटरने मोजायचं. बीज सुटल्यावर ते थोडंसं चढतं आणि चढलेलंच राहतं. समजा सहा दिवस ३६.३० ते ३६.४० होतं, मग ३६.५५, ३६.६०, ३६.६५. आधीच्या सहाही दिवसांपेक्षा वरचे असे सलग तीन आकडे मिळाले, तिसरा त्या सहांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा निदान ०.२ ने वर आहे, आणि कळसाच्या दिवसानंतर पूर्ण तीन दिवस गेले आहेत, की त्या संध्याकाळपासून पुढची पाळी येईपर्यंत दिवस निर्धोक. दोन्ही खुणा जुळल्याशिवाय नाही.

मुलगी रात्री उठते, त्यामुळे तुमचं तापमान डळमळेल आणि पाजत असल्याने ओलही फसवी असेल. म्हणून मी सांगेन, २४ महिन्यांची मर्यादा ओलांडेपर्यंत पाळीनंतरचे सुरुवातीचे दिवस निर्धोक धरूच नका. फक्त तापमान चढल्यानंतरचे दिवस धरा. हे काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आढळलं आहे. तेच अर्धवट पाळलं तर ते पंधरा-वीसपर्यंत जातं. आणि किंमतही आधीच ऐका: ३९ दिवसांच्या पाळीत साधारण चार आठवडे थांबावं लागेल, पदरात दहाएक दिवस पडतील.

म्हणून ही पद्धत बाईची नसतेच, ती जोडप्याची असते. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्यात तिचा हात पहाटे बाळाखाली अडकलेला असायचा. थर्मामीटर नवरा द्यायचा, तोच वाचायचा आणि कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक आकड्यांत लिहायचा. त्यांचं व्यवस्थित निभावलं. जिथे नवऱ्याला आज कोणता दिवस हे बायकोला विचारावं लागतं आणि ‘नाही’ म्हणण्याचं ओझं तिच्यावर पडतं, तिथे तीन महिन्यांत भांडणं सुरू होतात. बायबलात पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, पतिपत्नींनी एकमेकांपासून दूर राहायचं ते परस्परांच्या संमतीने आणि काही काळापुरतं, असं म्हटलं आहे. संयमाला दोघांची संमती लागते, हे मिस्टरांना तिथून वाचून दाखवा. शिकायचं मात्र एखाद्या प्रशिक्षित जोडप्याकडून, निदान तीन पाळ्या. मोबाइलवरची तारखांची ॲप्स यासाठी नाहीत. तुमच्या पॅरिशच्या विवाहपूर्व शिबिरांशी जोडलेल्या लोकांकडे चौकशी करा, तिथून धागा मिळतो.

यासाठी तरी फादरांकडे जावं लागेल. लाज सोडा, आणि एकट्या जाऊ नका, दोघं जा. कन्फेशनमध्ये दोन मिनिटांत कुजबुजण्याचा हा विषय नाही. वेळ मागून, ऑफिसात बसून, सिझरचा कागद समोर ठेवून बोला. मिस्टर कॅथलिक नाहीत आणि त्यांचा विवेक वेगळं सांगतो, हेही त्यांच्यासमोर स्पष्ट सांगा. मिश्र विवाहांतले प्रश्न पुण्यातल्या फादरांना नवे नाहीत. तिथून परतल्यावर दोघांचं एकमत निरोधावर झालं किंवा गोळीवर झालं, तर डॉक्टर म्हणून माझी साथ असेल. पण तुम्ही केवळ मिस्टरांच्या आग्रहाखातर, किंवा त्यांनी केवळ तुमच्या रडण्याखातर होकार दिला, तर तो तीन महिनेही टिकत नाही.

आईंना काय सांगावं? ‘फलद्रूप व्हा’ हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं वचन त्यांच्या मनात असणार आणि त्यात चूक काही नाही. तुम्ही मूल नाकारत नाही आहात, वण भरायला वेळ मागता आहात. एवढंच सांगा, बाकीचा तपशील आईला किंवा सासूबाईंना देण्याची काही गरज नाही. तो तुम्हा दोघांचा आहे.

ऑपरेशनचं आता ठरवू नका, आणि दुसऱ्या सिझरच्या टेबलावर तर अजिबात नको. पोट उघडलंच आहे तर करून टाकू, असं त्या क्षणी सुचवलं जातं आणि बाई मान डोलावते. कळा, भूल, नातेवाइकांची घाई यांत दिलेली संमती मी संमती मानत नाही. करायचंच असेल तर गरोदरपणात, सातव्या महिन्याच्या आत, दोघांनी ठरवून कागदावर लिहून द्या. कॅथलिक चर्चचा याला स्पष्ट विरोध आहे, हे लक्षात घेऊनच ठरवा, कारण हे मागे फिरवता येईल असं गृहीत धरता येत नाही. सरकारी नियमही निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं असावं असा आहे. जोडीदाराच्या सहीची कायद्याने गरज नाही. तरीही तुमच्या बाबतीत दोघांची बैठक हवीच.

आणि ती वेळ आली, तर पहिला विचार मिस्टरांच्या नसबंदीचा व्हावा. बिनटाक्याची, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, ते त्याच दिवशी घरी जातात. त्यानंतर तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणी करावी लागते, तेवढं पाळायचं. ताकद जाते, कमजोरी येते हे सगळं खोटं आहे. दुसऱ्यांदा पोट उघडलेल्या बाईवरच तेही ओझं टाकायचं, हे मला पटत नाही. पण देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि नसबंदी झालेले पुरुष ०.३ टक्के निघाले. ख्रिस्ती घरांत चित्र फार वेगळं आहे असं माझ्या पाहण्यात नाही. ससूनला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात हे मोफत होतं.

दुसऱ्या बाळासाठी मनाची तयारी होईल तेव्हा तीन महिने आधी या. फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी तेव्हाच सुरू करायची असते. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर बघू, आणि पहिल्या सिझरचा डिस्चार्ज कागद आठवणीने आणा. वण कसा आणि कुठे घेतला आहे यावर पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं का, हे ठरेल.